शेवटून पाणी

आबाजींचा पुतळा बसतोय ही बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली. वर गुलाबाचं फूल, खाली माझ्या भाच्याचा, म्हणजे चुलत भावाच्या मुलाचा, हात जोडलेला फोटो, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे आबाजी. 'स्वातंत्र्यकाळातील थोर नेते.' थोर म्हणे! हा माणूस गेला तेव्हा तुमसरहून एक हार आला नव्हता. गावातलीसुद्धा अर्धी माणसं आली नाहीत, रोवणा, म्हणजे पावसाळ्यातली धानाची लावणी, चालू होता म्हणून, असं नंतर सांगितलं गेलं. रोवणा कसला चालू होता! मी तेव्हा शाळेत होते, मला चांगलं आठवतं. उन्हाळा होता.

आबाजी म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. भंडारा जिल्ह्यात सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाताना आमचं गाव लागतं. गाव मालगुजाराचं आणि मालगुजार आम्हीच. म्हणजे तलाव आमचा, तलावाला लागून असलेली सगळ्यात चांगली जमीन आमची, आणि पाणी कोणाला केव्हा द्यायचं तेही आमच्याच ओसरीवर ठरायचं. अशा घरात जन्मून या माणसाला काय अवदसा आठवली, हे माझे काका शेवटपर्यंत बोलत राहिले. आबाजी कॉलेज सोडून चळवळीत गेले, जेलमध्ये गेले, आणि देश नवाकोरा झाला तेव्हा नागपूरला कायदे करणाऱ्यांत जाऊन बसले. तेव्हा आपली राजधानी नागपूरच होती. थोडे दिवस मंत्रीसुद्धा होते. कशाचे, ते घरात मला कोणी धड सांगितलं नाही. मी विचारलं की आजी म्हणायची, "बिनकामाचे."

त्यांचं एक भाषण मात्र मला पाठ आहे, कारण तलावाच्या पाळीवर बसून त्यांनी ते मला नको नको होईस्तोवर ऐकवलं होतं. पाळ म्हणजे तलावाचा बांध. भाषणात मागणं एवढंच होतं: तलावाचं पाणी सोडलं की पाटाच्या टोकाला जी शेवटची बांधी, म्हणजे धानाचं शेत, असेल तिला आधी द्यावं, मग तिच्या वरच्या बांधीला, असं करत करत तलावाला लागून, म्हणजे तोंडावर, असलेल्या शेताला सगळ्यांत शेवटी. आणि याचा कायदा करावा.

"तोंडावरच्याचं पाणी कोणाच्या बापाले अडवता येत नाही," ते म्हणायचे. "ते त्याच्या दारातूनच जाते. शेवटच्याचं पाणी रस्त्यात कोणीबी अडवते. मंग कायदा कोणासाठी पायजे, सांग!"

मी नऊ-दहा वर्षांची पोर, मी काय सांगणार? मला लंगडी खेळायला जायचं असायचं. पण त्यांना ऐकायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

नागपूरला हे भाषण झालं तेव्हा सभागृह हसलं होतं. एका सभासदाने उठून विचारलं, मग काय पंगतीत जावयाला शेवटी वाढायचं? पुन्हा हशा. कायदा कुठल्याशा समितीकडे गेला आणि समिती कुठे गेली ते आबाजींनाही कळलं नाही. ते गावी आले आणि त्यांनी तो कायदा आपल्या गावापुरता करून टाकला. तोंडावरची शेतं आमचीच होती, त्यामुळे आधी ओरडा झाला तो घरातच. शेवटच्या बांध्या होत्या त्या मोहल्ल्यातल्या लोकांच्या. हे लोक पुढे बौद्ध झाले. त्यांच्यापर्यंत पाणी पोचेस्तोवर तलावात चिखल उरायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आबाजी स्वतः फावडं घेऊन पाटावर उभे राहिले, खालून वर, एकेक बांधी भरत. आमच्या शेतात पाणी आलं ते सगळ्यांत शेवटी, पण आलं. तोंडावर असल्याने ते येणारच होतं, हेच तर ते सांगत होते.

जावयाच्या त्या टोमण्याचा राग मात्र त्यांनी पंगतीवर काढला. आमच्या घरी कुठलंही कार्य असो, वाढायला सुरुवात पंगतीच्या दुसऱ्या टोकापासून, जिथे मोहल्ल्यातली माणसं बसायची. आत्याच्या लग्नात मी आबाजींजवळ बसले होते, म्हणजे सगळ्यांत तोंडावर. बुंदी आमच्यापर्यंत आलीच नाही. मी असा भोकाड पसरला की वरात थांबली असती. आबाजी माझ्या पानात वरणभात ओढत म्हणाले, "कळलं आता शेवटच्याले कसं वाटते? गिळ मुकाट्यानं." त्या दिवशी मला ते अजिबात आवडले नाहीत. इतकं न्यायीपण काय कामाचं, नातीला एक मूठ बुंदी मिळेना!

पुढे प्रांत मोडले, राजधानी मुंबईला गेली, आणि आबाजी निवडणुकीला उभे राहून आपटले. कोणी पाडलं? त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने. माझ्या त्या चुलत आजोबांनी घरोघरी फिरून सांगितलं, हा माणूस स्वतःच्या घराच्या पोटावर पाय देतो, तुमचं काय भलं करणार? लोकांना ते पटलं. नंतर आबाजींना कोणी तिकीट दिलं नाही, सभेला बोलावलं नाही, साधी लग्नपत्रिकासुद्धा पुढाऱ्यांकडून येईनाशी झाली. उरलेलं आयुष्य त्यांनी छत्री घेऊन पाळीवर बसून काढलं. पाणी सोडायच्या दिवसांत ते पाटाने शेवटच्या बांधीपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. बस.

ते गेले आणि गावाने त्यांना असं पुसून टाकलं की जणू कधी नव्हतेच. शाळेच्या भिंतीवर देशभरचे पुढारी रंगवले, गावचा एक नाही. रस्त्याला नाव नाही, चौकाला नाही. मी भंडाऱ्याला शिक्षिका झाले, निवृत्त झाले, आणि हा सल माझ्या मनातून एक दिवस गेला नाही. वर्गात पहिल्या-पहिल्या मंत्र्यांची नावं शिकवताना त्यात आबाजींचं नसायचं. शेवटून पाणी मात्र चालू राहिलं. गावाला त्याची सवय लागली होती. तरण्या पोरांना विचारलं की हे कोणी सुरू केलं, तर म्हणायचे, "पहिलेपासूनच आहे ना जी." मला चीड यायची. अरे, पहिल्यापासून काही नसतं! कोणीतरी शिव्या खाऊन केलेलं असतं!

म्हणून पुतळ्याची बातमी वाचून माझे डोळे भरले. मला माहीत होतं भाचा काय चीज आहे. आबाजींना पाडणाऱ्या त्या भावाचाच हा पणतू. याला तिकीट पाहिजे होतं, समोरच्याच्या घराण्यात एक स्वातंत्र्यसैनिक होता, आणि आमच्या घराण्यात एक आयता पडून होता, एवढा सरळ हिशेब. सगळं कळत होतं मला. तरी त्याचा फोन आला, "आत्याबाई, पडदा तुमच्याच हातानं काढाचा आहे," तेव्हा मी हो म्हणाले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दारात आलं, तर आणणारा कोण हे बघत बसू का?

कार्यक्रम दसऱ्याच्या आधी होता. मी चार दिवस अगोदरच गावी गेले आणि आधी मैत्रिणीकडे गेले. आम्ही एका वर्गात होतो, एका पाटावर कपडे धुतले. तिची शेती सगळ्यांत शेवटची, नाल्याला लागून. नवरा गेल्यापासून ती आणि सून दोघी मिळून करतात. घरी खायचा वर्षाचा तांदूळ तिथूनच येतो. धान भारी, म्हणजे उशिरा येणारा. त्याला दसऱ्याच्या सुमारास, लोंबी बाहेर पडताना, शेवटचं पाणी लागतंच. ते चुकलं तर लोंबी येते, पण दाणा भरत नाही.

मी गेले तर ती दारात पाय पसरून बसली होती. दरवर्षी ती या दिवसांत नागपूरला दीक्षाभूमीला जायची तयारी करत असते. मी विचारलं, "जात नाहीस का वं यंदा?"

"जाऊन काय करू? गेट बंद आहे तलावाचं. पाणी सुटलं अन् मी इथं नसली तर?"

"बंद काहून?"

"तुह्या आज्यासाठी."

मला वाटलं थट्टा करते आहे. पाळीवर गेले तेव्हा समजलं. पुतळा पाळीवर, बरोबर गेटच्या वर बसवला होता, कापडात गुंडाळून. मागे तलाव. आणि गेटच्या चाकाला साखळी आणि कुलूप.

भाच्याला गाठलं. तो मंडपवाल्यावर ओरडत होता. मला बघून पाया पडला.

"अरे, गेटाले कुलूप कायले?"

"दोन-चार दिवसाचा प्रश्न आहे, आत्याबाई. ड्रोन येऊन राहिला नागपूरवरून. आबाजींच्या मागं तलाव भरलेला पायजे ना? पाणी उतरलं तर सगळा चिखल दिसते."

"आणि शेवटच्या बांध्या?"

"ग्रामसभेत घेतलं ना आपण. सगळे हो म्हणाले. आबाजींसाठी कोण नाही म्हणन?"

संध्याकाळी मी मैत्रिणीला विचारलं, "तू हो म्हटलंस?"

"मले इचारलं कोणी? जाहीर केलं, अन् म्हणे टाळ्या वाजवा."

पाहुणे म्हणजे मंत्री. त्यांची तारीख हुकली. दुसरी मिळाली, तीही हुकली. मधे दसरा झाला, मोहल्ल्यातले लोक नागपूरला जाऊन आलेसुद्धा, माझी मैत्रीण मात्र रोज सकाळी शेताकडे आणि रोज दुपारी गेटाकडे. मी तिच्यासोबत गेले एकदा. बांधीला भेगा पडायला लागल्या होत्या. धानाचं पोट फुगलेलं, पानं वळायला लागलेली. तिने एक काडी उपटली, चिरली, आतली कोवळी लोंबी मला दाखवली आणि फेकून दिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा भाच्याकडे गेले आणि त्याला नाही नाही ते बोलले. तो ऐकून घेत होता. ऐकून घेण्यात तो तयार आहे, पुढारी व्हायला निघालेला माणूस. शेवटी म्हणाला, "परवा नक्की, आत्याबाई. तुमच्या डोक्याची शपथ."

तिसऱ्या दिवशी मंत्री खरंच आले. मंडप, ढोल, कमानी, सगळं. भाषणं सुरू झाली आणि मी खुर्चीत चुळबुळत राहिले. एकाने आबाजींना दिल्लीला पाठवलं, एकाने पैलवान केलं. एकाने सांगितलं की ते फर्डे वक्ते होते, सभागृह त्यांना ऐकताना भान विसरायचं. हसायचं रे बाबा, हसायचं! मग माझं नाव पुकारलं. हातात दोरी दिली. समोर सगळं गाव, मागे काठोकाठ तलाव, आणि बायकांच्या मागच्या ओळीत माझी मैत्रीण, डोक्यावर पदर घेऊन उभी.

मी माइक धरला आणि म्हणाले, "आबाजींचा एकच कायदा होता. शेवटच्या बांधीला आधी पाणी. ते गेट आत्ता उघडा. पाणी सुटल्याशिवाय मी पडदा काढणार नाही."

भाच्याचा चेहरा उतरला. मला असं बरं वाटलं, असं बरं वाटलं की काय सांगू! आबाजींच्या भाषणाला निदान आता तरी कोणी हसणार नाही.

कोणी हसलं नाही. मंत्री उठले, त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "वा, ताई! हीच खरी आदरांजली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी कुलूप काढलं, कोणीतरी नारळ आणला, हळदीकुंकू आलं. मंत्र्यांनी चाकाला हात लावला, भाच्याने दुसऱ्या बाजूने, दोघांनी ड्रोनकडे बघितलं. पाणी धो धो करत पाटात पडलं. मी दोरी ओढली. पडदा सरकला. नाक आबाजींचं होतं, पोट भाच्याचं, आणि हातात एक काठी, जी आबाजींनी जन्मात कधी धरली नाही. तरी मी रडले. मैत्रिणीला शोधलं तर ती नव्हती. पाणी सुटलं तशी फावडं आणायला घरी पळाली होती.

मग पंगत बसली. मंत्री तोंडावर, त्यांच्या बाजूला भाचा, मग मी. वाढायला सुरुवात आमच्यापासून झाली. मला ते दिसलं आणि मी काही बोलले नाही, कारण मला वाटलं, पाणी सुटलं ना, मग झालं.

जेवण आटोपून, गाड्या गेल्यावर, मी पाटाने खाली चालायला लागले. आबाजी चालायचे तशी. पहिलंच शेत भाच्याचं. त्याच्या गड्याने पाट फोडला होता आणि जवळजवळ अख्खं पाणी शेतात वळवलं होतं. त्याच्या खालच्याने उरलेलं वळवलं होतं. मी ओरडले तर तो म्हणाला, "साहेबांनी सोडलेलं पाणी आहे जी, आज सगळ्यायचाच हक्क." आणखी थोडं पुढे गेले तर पाटात नुसती ओल. त्याच्या पुढे कोरडा. शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझी मैत्रीण फावडं मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उठली नाही.

परत वर गेले. ड्रोन गेला तसं कोणीतरी गेट पुन्हा बंद केलं होतं. भाच्याला फोन लावला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "साहेबांसोबत आहो, आत्याबाई. उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत गेले. तोंडावरचे शेतकरी तिथेच होते. आता त्यांना गोडी लागली होती. मी म्हणाले, या गावात शेवटून पाणी देतात. त्यांच्यातला एक तरणा, पँटच्या खिशात हात घालून, म्हणाला, "कोणत्या कायद्यात आहे? दाखवा."

काय दाखवणार? ज्या कायद्याला सभागृह हसलं होतं, तो कुठून आणून दाखवू? मी म्हणाले, "ज्याचा पुतळा बसवला त्याचाच तो नियम आहे." तो म्हणाला, "मंग पुतळ्याखाली लिहिलं असन ना." मी बावळटासारखी जाऊन वाचून आले. संगमरवरावर आबाजींचं नाव होतं, त्याच्याहून मोठ्या अक्षरांत मंत्र्यांचं, खाली भाच्याचं, त्याच्या बायकोचं, मंडपवाल्याचंसुद्धा. पाण्याचं अक्षर नव्हतं. भाचा दोन दिवसांनी आला, गेट उघडलं गेलं, आणि पाणी वरून खाली, ज्याच्या मनगटात जोर त्याच्या शेतात, असं गेलं. शेवटच्या बांधीला ते पोचलं तेव्हा लोंब्या पांढऱ्या पडल्या होत्या.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेले, मळणीच्या वेळेला. जायची हिंमत होत नव्हती, पण गेले. मैत्रीण खळ्यात उभी राहून सुपाने धान उफणत होती, आणि जे खाली दाणा म्हणून पडायला हवं ते वाऱ्याने उडून जात होतं. सून पोचट धान टोपलीत भरून बैलांपुढे टाकत होती. मी तिथे उभी राहिले. माफी मागायला गेले होते, पण कशाची मागू? मी तर पाणी सोडायला लावलं होतं. मी तर सगळ्यांसमोर बोलले होते.

तिने सूप खाली ठेवलं, घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं. रागात नव्हती ती. रागात असती तर बरं झालं असतं.

"तुह्या आज्याचं नाव कोणालेच माहीत नव्हतं वं," ती म्हणाली, "तवा पाणी येत होतं."